नगरपालिकेची निविदा: काम कुणाला मिळणार हे नेमकं कुठं ठरतं?

नदीकाठची (धागाकर्ती)

आमचं गाव 'क' वर्ग नगरपालिकेचं, वस्ती 35 हजारांच्या आसपास. मी कॉलेजात अकाउंटन्सी शिकवते आणि गेली काही वर्षं आमच्या पालिकेच्या निविदा नेमानं वाचते. महाटेंडर्स पोर्टलवर चालू निविदा कुणालाही बघता येतात, त्यासाठी ठेकेदार असावं लागत नाही. कागदपत्रं उतरवून घ्यायची आणि चहा पीत पीत वाचायची. सुरुवातीला भाषा जड जाते, पण चार-पाच निविदा वाचल्या की कुठल्या पानावर थांबायचं ते कळतं.

गावात निविदेची चर्चा होते ती रस्ता उखडल्यावर. कुणी किती टक्के घेतले, कोण कुणाचा मेहुणा, असं सगळं कट्ट्यावर बोललं जातं. तोवर बिल निघालेलं असतं आणि अनामत परत करायची फाईलही टेबलावर आलेली असते. मला वाटतं आपण फार उशिरा जागे होतो. काम कुणाला जाणार याचा निकाल बऱ्याचदा लिफाफे उघडायच्या कितीतरी आधी लागलेला असतो, अंदाजपत्रकात आणि पात्रतेच्या अटींत. निविदा प्रसिद्ध झाल्यापासून निविदापूर्व बैठकीपर्यंत (निविदा भरणाऱ्यांच्या शंका ऐकायला पालिका घेते ती) जे थोडे दिवस मिळतात, तेवढ्यातच नागरिकाच्या पत्राला खरं वजन असतं.

ज्यांना क्रम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पालिकेचा अभियंता दरसूचीवरून, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या दरांच्या यादीवरून, अंदाजपत्रक करतो, त्याला तांत्रिक मान्यता आणि प्रशासकीय मान्यता मिळते, मग ई-निविदा निघते. आधी तांत्रिक लिफाफा उघडतात, त्यात पात्र ठरलेल्यांचाच आर्थिक लिफाफा उघडतात. सर्वात कमी दराला मंजुरी, करारनामा, कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप पुस्तिका (झालेलं काम मोजून नोंदवायची वही), बिल.

आता आमच्याकडचं उदाहरण सांगते. घंटागाड्या आणि कचरा वाहतुकीचं वार्षिक काम. निविदेत तीन अटी होत्या. एक, गेल्या तीन वर्षांत महाराष्ट्रातल्या नगरपालिकेतच असं काम केलेलं हवं, ग्रामपंचायत किंवा एमआयडीसीतलं चालणार नाही. दोन, तेवढ्याच रकमेचं काम एकाच कंत्राटात केलेलं हवं. तीन, सगळ्या गाड्या निविदा भरायच्या दिवशीच ठेकेदाराच्या नावावर हव्यात. एकेक अट सुटी वाचली तर बिघडलेलं काही दिसत नाही. तिन्ही एकत्र लावल्या की आमच्या टापूत एकच जण उरत होता, आणि आधीच्या वर्षी एकाच पात्र निविदेवर काम गेलंही होतं.

आम्ही काही जणांनी मिळून मुख्याधिकाऱ्यांना पत्र दिलं. कुणावर आरोप केला नाही. एवढंच विचारलं की केंद्रीय दक्षता आयोगाच्या 17 डिसेंबर 2002 च्या परिपत्रकातला मापदंड इथं का वापरला नाही? तो मापदंड सगळ्यांनी पाठ करावा असा आहे. गेल्या सात वर्षांत अंदाजित रकमेच्या 40 टक्क्यांची तीन कामं, किंवा 50 टक्क्यांची दोन, किंवा 80 टक्क्यांचं एक. आणि गेल्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल अंदाजित रकमेच्या 30 टक्के. नगरपालिकेला तो थेट बांधील नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण तुमची अट त्याहून कडक असेल तर कारण लिहून द्या, असं म्हणता येतं. कारण लिहून देणं कुणालाच सोपं गेलं नाही. शुद्धिपत्रक निघालं, गाड्या कार्यारंभ आदेशानंतर 30 दिवसांत उभ्या केल्या तरी चालतील असं झालं, अनुभवाची अटही सैल झाली. त्या वेळी पाच निविदा आल्या आणि दर आदल्या वर्षीपेक्षा खाली आला.

तुमच्या गावात काय दिसतं? आतल्या बाजूनं काम केलेल्यांनी जरूर लिहावं.

---

स्नेहल_

वाचतेय. वाचनखूण साठवली. निविदा आपल्यालाही उतरवून घेता येते हे खरंच माहीत नव्हतं.

---

निवृत्त_अभियंता

ताई, तुम्ही अटींवर बोट ठेवलंत ते बरोबर. मी आयुष्यभर नगरपालिकांतच नोकरी केली, म्हणून अंदाजपत्रकाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. तिथं कुणी बघत नाही.

अंदाजपत्रक दरसूचीवर असतं म्हणून ते बिनचूक असणार असं लोक धरून चालतात. दरसूचीतला दर हा मूळ दर. त्यावर खडी, मुरूम, वाळू यांच्या वाहतुकीचं लीड, म्हणजे माल आणायच्या अंतराचा खर्च, चढतं. खाण गावापासून 12 किलोमीटरवर असताना तक्त्यात 30 किलोमीटर दाखवलं, तर प्रत्येक घनमीटरमागं पैसे वाढतात, आणि ते कुठल्याच एका ओळीत उठून दिसत नाहीत. पुढं ठेकेदार 10 टक्के कमी दरानं काम घेतो, वर्तमानपत्रात पालिकेचे पैसे वाचल्याची बातमी येते. मुळात तेवढे पैसे लीडमध्ये भरलेले होते. म्हणून अंदाजपत्रकाची प्रत मिळाली की आधी लीड चार्ट बघा. आपल्या गावाला खडी कुठल्या खाणीवरून येते हे गावातल्या कुठल्याही डंपरवाल्याला ठाऊक असतं.

दुसरी जागा म्हणजे दरसूचीबाह्य बाबी. ओपन जिमचं साहित्य, बागेतली खेळणी, शोभेचे दिव्याचे खांब, स्वागत कमानीवरची अक्षरं. यांचा दर दरसूचीत नसला की तीन दरपत्रकं मागवून ठरवतात. तिन्ही दरपत्रकं एकाच विक्रेत्यानं आणून दिलेली मी पाहिली आहेत. लेटरहेड तीन, टाईप एकच, चुकलेली वेलांटीसुद्धा तीच. रस्त्याच्या कामात 5 टक्क्यांसाठी घासाघीस करणारी सभा अशा बाबी दोन मिनिटांत मंजूर करते.

तिसरी, तुकडे पाडणं. 1 डिसेंबर 2016 च्या राज्याच्या खरेदी नियमपुस्तिकेनं 3 लाखांवरच्या खरेदीला ई-निविदा सक्तीची केली. मर्यादा वेळोवेळी बदलते आणि खरेदीला एक, बांधकामाला एक अशीही असते, त्यामुळं आपल्याकडं सध्या कुठली लागू आहे ते पालिकेला लेखी विचारा. पण मर्यादा कुठलीही असो, तिच्या जरा खाली बसणारी कामं लगेच दिसू लागतात. एकाच गल्लीचं काँक्रिटीकरण, पण एक काम 'श्री. अमुक यांच्या घरापासून श्री. तमुक यांच्या घरापर्यंत' आणि दुसरं तिथून पुढं मारुती मंदिरापर्यंत. कामांची यादी हातात आली की ही नावं नकाशावर जोडून बघा.

हे सगळं वाईट हेतूनंच होतं असं मात्र मी म्हणणार नाही. 'क' वर्गाच्या पालिकेत एक अभियंता. रस्ते त्याच्याकडं, बांधकाम परवाने त्याच्याकडं, आवास योजना त्याच्याकडं, पूर आला की बोटसुद्धा त्याच्याकडं. मार्चअखेर निधी परत जाऊ नये म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत अंदाजपत्रकांचा ढीग लागतो. मग जुनंच अंदाजपत्रक उघडायचं, गल्लीचं नाव बदलायचं, लांबी-रुंदी बदलायची. मोठ्या योजनेला खासगी प्रकल्प सल्लागार नेमतात. त्याची फी प्रकल्प खर्चाच्या टक्क्यावर ठरली असेल, तर खर्च कमी करण्यात त्याला काहीच रस नसतो.

---

मुरूम_खडी

मी ठेकेदार आहे. छोटा. नगरपालिका आणि झेडपीची कामं करतो. सगळ्यांनी आम्हालाच धारेवर धरायच्या आत आमची बाजू मांडतो.

रिंग होते. होतेच. एखाद्या गावात सात-आठ ठेकेदार असतात, कामं आपसांत वाटून घेतात. पहिल्या वेळी निदान तीन निविदा याव्यात असा दंडक असतो, म्हणून ज्याचं काम ठरलंय तो दोघांकडून सपोर्ट घेतो. सपोर्टवाले दर चढे भरतात. आलेल्या दरांचा तक्ता बघितला तरी कळतं. एक जण अर्धा टक्का कमी, दुसरा दीड टक्का जास्त, तिसरा अडीच टक्के जास्त, असं दिसलं की काम मॅनेज आहे. खरी स्पर्धा असते तिथं 15, 18, 22 टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकाच्या खाली, असे विखुरलेले आकडे येतात.

पण लोक रिंगमध्ये का जातात हे कुणी विचारत नाही. ऑनलाईन झाल्यापासून निविदा भरताना नाव फुटत नाही, हे चांगलं झालं. बयाणा रक्कमही ऑनलाईन जाते. पण तांत्रिक लिफाफा उघडला की नावं कळतात. आर्थिक लिफाफा उघडायला मग महिना लागतो. त्या महिन्यात फोन येतात. ऐकलं नाही तर कागदात खोट काढतात: नोटरीचा शिक्का पुसट आहे, यंत्रसामग्रीच्या यादीवर सही एका पानावर राहिली. मला एका पालिकेत असंच बाहेर काढलं. लेखी कारण मागितलं, ते काम पूर्ण होईपर्यंत आलं नाही.

स्थळ पाहणी दाखल्याची अट तर सगळ्यात घातक. काम बघितल्याचा दाखला पालिकेच्या अभियंत्याच्या सहीनं जोडायचा. म्हणजे निविदा भरायच्या आधीच मी ऑफिसात जाऊन सांगायचं की मी भरणार आहे. ऑनलाईनची सगळी गुप्तता तिथंच संपते. आणि साहेब साईटवर गेलेत, उद्या या, असं करत मुदत संपते. ही अट दिसली की ताई, तुम्ही पत्र द्याच. जागेवर उभं राहून काढलेला तारीख-वेळेचा फोटो पुरतो की.

आता पैशाचं. काम संपतं मे महिन्यात, बिल निघतं पुढच्या वर्षी. निधी आला नाही, एवढंच उत्तर. सिमेंटवाला, खडीवाला, मजूर कुणी थांबत नाही. 18 जुलै 2022 पासून सरकारी कामांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 18 झाला, त्याआधी 12 धरून केलेल्या कामांचा फरक मिळवायला किती चपला झिजल्या ते आमचं आम्हाला माहीत. ज्याच्याकडं वर्षभर पैसा अडकवून ठेवायची ताकद आहे तोच टिकतो, आणि गावात असे दोन-तीनच असतात. पालिका 30 दिवसांत बिल देऊ लागली तर नवीन पोरं निविदा भरतील. त्यांना आधीच सांभाळून घेता येणार नाही, कारण ती कोण आहेत हेच कुणाला माहीत नसेल.

---

आसावरी_पूर्वी_नगरसेविका

मुरूम_खडी दादा, स्थळ पाहणीचं अगदी पटलं.

मी एक टर्म नगरसेविका होते, स्थायी समितीतही होते. सभागृहातलं सांगते. विषयपत्रिका येते तेव्हा त्यात विषयाची एकच ओळ असते: 'प्राप्त निविदांबाबत विचार करून निर्णय घेणे'. सोबत टिपणी नसते. मी दर वेळी टिपणी आणि तुलनात्मक तक्ता मागायचे. पहिल्यांदा हसले, नंतर देऊ लागले. ज्या निविदेवर प्रश्न येतील असं वाटायचं ती पत्रिकेवर न येता 'आयत्या वेळचे विषय' म्हणून शेवटी यायची, निम्मे सदस्य उठून गेल्यावर. त्यामुळं शेवटपर्यंत बसायचं हा नियमच केला होता मी. माझ्या बरोबरीच्या दोघी पहिल्यांदाच निवडून आलेल्या होत्या, त्यांनाही हेच सांगितलं: जेवायला उशीर झाला तरी चालेल, इतिवृत्तात आपला विरोध नोंदवल्याशिवाय उठायचं नाही.

एक प्रसंग लिहिते. आमच्या प्रभागात पेव्हर ब्लॉक बसवत होते. अंदाजपत्रकात 80 मिलिमीटर जाडीचे होते, कारण त्या रस्त्यावरून ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर जातात. मी मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन गेले आणि ढिगातला एक ब्लॉक मोजला. 60 भरला. अजून चार-पाच मोजले, सगळे 60. सुपरवायझर म्हणाला, मॅडम, वरून दिसायला सारखेच दिसतात. मी पट्टी लावून फोटो काढले, बसवलेल्या भागातले दोन ब्लॉक रहिवाशांसमोर उचकटून त्यांचेही काढले आणि त्याच दिवशी मुख्याधिकाऱ्यांना पत्र दिलं. मोजमाप पुस्तिकेत तोवर 80 ची नोंद झालेली होती. काम थांबलं, नोंद खोडून नवीन केली गेली आणि रस्त्याच्या मधल्या पट्ट्यातले ब्लॉक बदलून घेतले. कडेचे 60 चेच राहिले, त्यांचे पैसे 60 च्या दरानं दिले.

एकदा बसवून झाल्यावर, वरून ग्रिट पसरल्यावर हे कुणालाच कळलं नसतं. काम चालू असताना तिथं उभं राहणारं कुणीतरी लागतं.

आणखी एक गोष्ट. 2021-22 पासून मुदती संपत गेल्या आणि अनेक नगरपालिकांत प्रशासक बसले. डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका होईपर्यंत निविदेचा प्रस्ताव मांडणारे आणि मंजूर करणारे एकच. प्रशासक प्रामाणिक असो वा नसो, प्रश्न विचारायला समोर कुणी नव्हतं. नवीन निवडून आलेल्यांनी त्या काळातली चालू कंत्राटं आणि मुदतवाढी एकदा सभेसमोर मागवून घ्यायला हव्यात. एक वर्षाचं कंत्राट मुदतवाढीवर मुदतवाढ घेत किती लांबलं, एवढं जरी विचारलं तरी पुष्कळ बाहेर येईल.

---

म्हापशेकार

आमच्या गोव्यात 13 नगरपालिका आणि पणजीची महापालिका. खरेदीचं जसं तुम्ही लिहिताय तसंच, पण वसुलीच्या कंत्राटांवरही कुणीतरी लिहावं. आमच्याकडं बाजारात सोपो, म्हणजे विक्रेत्यांकडून बसायच्या जागेची फी, गोळा करायचं कंत्राट लिलावानं देतात. तिथं उलटं, जास्त बोली लावणाऱ्याला मिळतं. मग दिलेले पैसे तो वसूल कुणाकडून करणार? टोपलीभर भाजी घेऊन बसलेल्या बाईकडून. ठरलेल्या दराचा फलक बाजारात लावला पाहिजे आणि पावती छापील पाहिजे, या दोन अटी कंत्राटात आहेत का, एवढं जरी बघितलं तरी त्या बाईचे रोजचे पैसे वाचतील.

---

मुरूम_खडी

म्हापशेकार, आमच्याकडं आठवडे बाजाराच्या वसुलीचं सेम. आणि वाहनतळाचं.

---

काळा_कोट

कायद्याची बाजू थोडी मांडतो, कारण 'कोर्टात जाऊ' हे फार सहज बोललं जातं.

पाया 1979 च्या रमण दयाराम शेट्टी खटल्यानं घातला. मुंबई विमानतळावरचं उपाहारगृह चालवण्याच्या निविदेचं ते प्रकरण. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी संस्थेनं पात्रतेची अट एकदा जाहीर केली की तिला स्वतःलाच ती पाळावी लागते, मनाला येईल तेव्हा सोडता येत नाही. तेव्हा अट मोडून कुणाला पात्र ठरवलं असेल, तर आधार भक्कम आहे.

पण अट मुळातच एकाच्या मापाची शिवली असेल तर लढाई अवघड जाते. 1994 च्या टाटा सेल्युलर निकालापासून न्यायालयं निर्णय कसा घेतला ते तपासतात, निर्णय शहाणपणाचा होता का यात शिरत नाहीत. अटी काय असाव्यात हे ठरवायला संस्थेला बरीच मोकळीक आहे. शिवाय 2018 च्या दुरुस्तीनं विशिष्ट अनुतोष अधिनियमात कलम 20-क आले, त्यामुळं रस्ते, पाणी, मलनिस्सारण, घनकचरा अशा पायाभूत प्रकल्पांना मनाईहुकूम मिळणं दुर्मिळ झालंय. कार्यारंभ आदेश निघाल्यावर आलात, तर नुकसानभरपाई मागा असंच ऐकायला मिळण्याची शक्यता जास्त. धागाकर्तीचा 'लवकर या' हा आग्रह कायद्याच्या अंगानंही खरा आहे.

कोर्टाआधीच्या दोन वाटा आहेत. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, 1965 च्या कलम 308 खाली बेकायदेशीर किंवा लोकहिताला बाधक ठरावाची अंमलबजावणी जिल्हाधिकारी स्थगित करू शकतात. आणि नगरसेवकाचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असेल तर ते अपात्रतेचं कारण आहे, ही तरतूद त्याच कायद्यात आहे. अडचण पुराव्याची. ठेका पुतण्याच्या नावावर आणि पैसा काकाचा, हे कागदावर दाखवावं लागतं.

रिंगबद्दल. स्पर्धा अधिनियम, 2002 च्या कलम 3(3)(घ) मध्ये संगनमतानं निविदा भरणं थेट आलेलं आहे. हे मोठ्या कंपन्यांपुरतंच आहे असं समजू नका. पुणे महापालिकेच्या कचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या 2014-15 च्या निविदांमध्ये संगनमत झाल्याचं भारतीय स्पर्धा आयोगानं 2018 मध्ये ठरवलं आणि त्यातल्या कंपन्यांना दंड केला. त्यातल्या काहींनी स्वतः माहिती दिल्यामुळं त्यांचा दंड कमी झाला. आधी येऊन खरं सांगणाऱ्याला सवलत, अशी तरतूदच कायद्यात आहे. सपोर्ट देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. 'मी तर फक्त मित्रासाठी भरली' हा बचाव चालत नाही.

---

विनय_बंगळूर

काळा_कोट यांच्या प्रतिसादाला पुरवणी. मी बंगळूरला असतो, कामाच्या निमित्तानं इथल्या निविदांशी संबंध येतो. तमिळनाडूनं 1998 मध्ये निविदा पारदर्शकतेचा स्वतंत्र कायदा केला, कर्नाटकानं 1999 मध्ये, राजस्थाननं 2012 मध्ये. महाराष्ट्रात असा एक कायदा नाही, शासन निर्णय आणि परिपत्रकं यांवरच सगळं चालतं. केंद्राचं सार्वजनिक खरेदी विधेयक 2012 मध्ये लोकसभेत आलं होतं, 2014 मध्ये लोकसभेची मुदत संपल्यावर तेही गेलं.

कायदा असला की फरक असा पडतो की निविदा नाकारलेल्या माणसाला अपील कुठं आणि किती दिवसांत करायचं हे ठरलेलं असतं. मुरूम_खडी यांना लेखी कारण मिळालं नाही, तिथं कायद्यानं मिळवता आलं असतं. कर्नाटकातही सगळं आलबेल आहे असं नाही. इथल्या कायद्यात 4(जी) नावाचं कलम आहे, त्याखाली सरकार एखादं काम निविदेच्या बंधनातून मोकळं करू शकतं, आणि त्या वाटेनं बरीच कामं जातात म्हणून सतत ओरड असते.

युक्रेननं 1 ऑगस्ट 2016 पासून सगळी सार्वजनिक खरेदी प्रोझोरो नावाच्या एका प्रणालीवर आणली. लिलाव संपला की कुणी किती दर भरला, कुणाला कशामुळं नाकारलं, करार काय झाला, सगळं कुणालाही दिसतं. आपल्या पोर्टलवर निविदा आणि निकाल दिसतो, पण पुढचा करारनामा, मुदतवाढी आणि दिलेली बिलं तिथं सापडत नाहीत. ज्या टप्प्यावर पैसे प्रत्यक्ष जातात तोच अंधारात.

---

निवृत्त_अभियंता

विनयराव, बिलांबाबत अगदी बरोबर. एका गोष्टीवर मुरूम_खडी यांच्याशी माझा मतभेद आहे. 22 टक्के बिलो म्हणजे निकोप स्पर्धा असं सरसकट म्हणू नये. लीड फुगवलेलं नसेल आणि तरी कुणी 25 टक्के खाली गेला, तर तो सिमेंटमध्ये हात मारणार किंवा काम अर्धवट टाकून वाढीव दर मागणार. म्हणूनच फार कमी दर भरणाऱ्याकडून जादा अनामत घ्यायचा नियम आहे. दर जितका खाली, तितकी अनामत जास्त. ती खरंच भरून घेतली का, हे बघा.

आणि दोषदायित्व कालावधी. रस्त्याला तीन वर्षं लिहिलेली असतात. पहिल्या पावसाळ्यात खड्डा पडला तर ठेकेदारानं स्वखर्चानं भरायचा असतो. प्रत्यक्षात पालिका त्याच खड्ड्यासाठी नवीन दुरुस्तीचं काम काढते. जुन्या कामाची तारीख काढून ठेवा आणि नव्या निविदेशी ताडून बघा, हे मी माझ्या गावातल्या मुलांना सांगत असतो.

---

मुरूम_खडी

साहेब, 25 बिलोचं मान्य. तसं करणारे आमचाच धंदा खराब करतात. पण दोषदायित्वात आम्ही खड्डे भरायला तयार असतो, पाणीपुरवठावाले तोच रस्ता खोदून जातात आणि चर न बुजवता सोडतात, मग जबाबदारी कुणाची? आधी पाईप टाका, मग रस्ता करा, एवढं तरी एकाच इमारतीतल्या दोन खात्यांनी ठरवावं.

---

स्नेहल_

सगळं वाचून आमच्या पालिकेचं पान उघडलं. कालच एक निविदा आलीय, पाणीपुरवठ्यासाठी वर्षभराची ब्लीचिंग पावडर आणि तुरटी. ब्लीचिंग पावडरीत 33 टक्के क्लोरीन हवं असं लिहिलंय, एका कंपनीचं नाव घालून. पुरवठा 'आदेशानंतर 15 दिवसांत संपूर्ण'. तपासणीबद्दल काहीच नाही. यात काय बघायचं? आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटतेय. गाव लहान आहे, सगळे ओळखतात. माहिती अधिकारात मागू का?

---

नदीकाठची

स्नेहल, एकटीनं सही करू नकोस. सोसायटीतल्या, बचत गटातल्या आठ-दहा जणींच्या सह्या घे. पत्रात कुणाचं नाव नको, 'भ्रष्टाचार' हा शब्दही नको. फक्त प्रश्न. आवक विभागात देऊन पोच घ्यायची, तारखेच्या शिक्क्यासकट. शिक्का मारायला नाही म्हणाले तर रजिस्टर्ड पोस्टानं.

माहिती अधिकार यासाठी आत्ता उपयोगाचा नाही. उत्तराला 30 दिवस लागतात, तोवर निविदा उघडलेली असेल. तो नंतर वापर. अर्ज महाराष्ट्रात 150 शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, त्यामुळं 'तुलनात्मक तक्ता', 'करारनामा', 'मोजमाप पुस्तिकेची पानं' असे नेमके कागद मागायचे. अजून एक, कायद्याच्या कलम 2(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. आसावरीताईंनी पट्टीनं मोजलं, तसे ब्लॉक आपल्यालाही कायद्यानं मागता येतात, नगरसेवक नसताना.

आता तुझी पावडर. कंपनीचं नाव आहे तिथं 'किंवा समतुल्य' असं शुद्धिपत्रक मागा. दुसरं म्हणजे पुरवठा. ब्लीचिंग पावडर साठवणुकीत हळूहळू क्लोरीन गमावते, उन्हाळ्यात आणि दमट हवेत तर जास्तच. वर्षाचा माल एकदम उतरवला तर ऐन पावसाळ्यात, जेव्हा तिची सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हा पोत्यातली पावडर कमजोर झालेली असेल. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पाणी शुद्ध करायला वापरू नये असं आरोग्य खातं सांगतं. म्हणून दर महिन्याला किंवा दोन महिन्यांनी टप्प्याटप्प्यानं पुरवठा आणि प्रत्येक टप्प्याचा नमुना जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेकडून तपासून आल्यावरच बिल, अशी मागणी करा. टप्प्यानं पुरवठा ठेवला तर साठ्याला मोठं गोदाम आणि भांडवल लागत नाही, छोटे विक्रेतेही भरू शकतात. मुरूम_खडी दादा म्हणाले तेच.

आणि निविदापूर्व बैठकीची तारीख बघ. बहुतेक पहिल्या दोन पानांतच, वेळापत्रकाच्या तक्त्यात असते.

---

स्नेहल_

सापडली. सोमवारी सकाळी 11 वाजता, मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात. नागरिकांना बसू देतात का?

---

आसावरी_पूर्वी_नगरसेविका

बसू देणं त्यांच्यावर आहे, ती बैठक निविदा भरणाऱ्यांसाठी असते. पण पत्र त्याआधी पोचलं असेल तर त्यातले प्रश्न बैठकीच्या इतिवृत्तात घ्या अशी मागणी करता येते. शुक्रवारीच दे, शनिवार-रविवार ऑफिस बंद. प्रभागातल्या नगरसेवकाला एक प्रत दे आणि पाणीपुरवठा सभापतींनाही. सभापती बाई असतील तर समोर बसून पावडरीचं समजावून सांग, त्या नक्की ऐकतील.

---

स्नेहल_

मसुदा करून इथं टाकते रात्री. सह्या सहा झाल्यात आत्तापर्यंत.

---

निवृत्त_अभियंता

मसुदा टाका, मी बघतो. तुरटीच्या तपशिलात ग्रेड लिहिली आहे का तेही पाहून ठेवा.